फक्की

सव्वापाचला मी फक्कीचं घमेलं घेऊन उतरते.
दोन खांबांमध्ये दोरी ताणते
आणि पाट्या आखते. आठच्या आठ.
खेळायला तिघी येतात.

कळंबच्या या मैदानाला गवत ठाऊक नाही.
काळी माती, वर मुरूम,
एप्रिलमध्ये नुसता तवा.
इथं गुडघे सोलले की त्यावर हळद दाबायची
आणि दुसऱ्या दिवशी खपलीसकट हजर.
घरी पाहुणे असले तर मागच्या दारानं यायच्या,
ओढणी कमरेला, चपला हातात.

दीक्षा ओव्हाळ खांबावर असा सूर मारायची
की वाटावं, खांबच अंग चोरतोय.
आता ती बार्शी रोडला पळते, पहाटे, भरतीसाठी.
आठशे मीटर. मनगटावरचं घड्याळ सेकंद मोजतं.
परवा भेटली तर म्हणाली,
"मॅडम, इथं कुणाला शिवायचंच नसतंय.
नुसतं पळायचं."

सुमैय्या तांबोळी
रात्री भावाच्या फोनवर गोळ्या झाडते.
टीममध्ये चौघी : एक नांदेडची, एक परभणीची,
एक कुठली ते हिलाही माहीत नाही.
"तुम्ही बघा तर एकदा."
बघितलं.
मागून कोण येतंय
ते तिला अजूनही आधी कळतं.
मला बोलायला काही उरलं नाही,
चहा पिऊन आले.

मैदानाच्या मागं हिरवी जाळी लागलीय,
आत हिरवंच प्लास्टिक, वर दिवे,
तासाला आठशे रुपये.
अश्लेषा टेकाळेचा भाऊ तिथं क्रिकेट खेळतो.
ती बाहेर स्कूटीवर बसून त्याचे व्हिडिओ काढते.
खो इतका हळू द्यायची ही पोरगी
की पंच म्हणायचे, ऐकूच आला नाही.
आता जाळीबाहेरून ओरडते, "पळ रे, पळ!"
तर माझ्या खांबापर्यंत येतं.

बाकीच्या लातूरला.

नव्या पोरींना मी नियम सांगते :
पळणारीला कुठूनही घुसता येतं,
पाठलाग करणारीला नाही.
तिनं एकदा दिशा धरली
की खांब येईपर्यंत मागं वळायचं नाही.
वळायचंच असेल तर खो द्यायचा
आणि आपण बसायचं.
सांगताना माझी जीभ जरा अडखळते.

कारण पहिली पाटी मीच रिकामी केली.
जूनमध्ये फी भरली, दोन हप्त्यांत.
गादी, बादली, टेबलफॅन.
तेजलनं बॅगेत तळाशी बूट ठेवले होते,
उजव्याचा अंगठ्याजवळ शिवलेला.
मी काढून घेतले.
तिथं कुठं घालशील, म्हणलं.
ती काही बोलली नाही,
बॅगेची चेन लावताना नेहमीपेक्षा जोरात ओढली
एवढंच.
बूट कपाटावर आहेत. मोजे आतच.

काल रात्री तिचा फोन.
"आई, हॉस्टेलची लाइट गेलती.
आम्ही गच्चीवर खो-खो खेळलो.
खांब म्हणून पाण्याच्या दोन टाक्या.
त्या बीडच्या पोरीला तर खो कसा द्यायचा तेबी माहीत नव्हतं,
पाठीत बुक्कीच घालायची."
हसत होती. पावसाळ्यापासून इतकी हसली नव्हती.
"गुडघा सोललाय. पप्पाला सांगू नको."

मी विचारलं, "सूर मारलास?"
"कोब्यावर कुठं सूर मारतेत, आई."

मग मी खूप काही विचारू शकत होते :
किती जणी होत्या, कुणी किती गडी टिपले,
अंधारात पाट्या कशा ओळखल्या.
मी विचारलं,
"रविवारच्या टेस्टला किती पडले?"

तिकडं लाइट आली असावी.
बराच वेळ
नुसत्या टेबलफॅनचा आवाज.